दहाचा अकरावा घात

आईने चमचा हाताने बाजूला सारला आणि पेज मल्लूच्या पांढऱ्या शर्टावर सांडली. मल्लिनाथ माझा धाकटा भाऊ. बार्शीत त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्या आवाजाला गिऱ्हाईकं दबकून असतात. आईसमोर मात्र त्याचा सगळा रुबाब गळून पडतो. त्याने शर्ट झटकला, पुन्हा चमचा भरला.

"आई, एवढा एकच. माझ्यासाठी घे की."

आईने तोंड घट्ट मिटलं आणि भिंतीकडे फिरवलं.

डॉक्टर आदल्या दिवशी स्पष्टच बोलले होते. स्मृतिभ्रंशात माणूस आधी नावं विसरतो, मग चेहरे, आणि शेवटी भूक. भूक हीसुद्धा मेंदूने जपलेली एक आठवणच असते. या आठवड्यात आईने खायला सुरुवात केली नाही, तर नाकातून नळी घालावी लागणार होती. ती नळी ओढून काढणार, म्हणून हात खाटेला बांधावे लागणार होते. हे ऐकल्यापासून मल्लूला अन्न गोड लागत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी पडले शाळामास्तरीण. माझं दुःख चिडचिडीतूनच बाहेर पडतं, आणि त्या दिवसांत मी घरातल्या भांड्यांवरसुद्धा ओरडत होते.

"एक उपाय राहिलाय," डॉक्टर म्हणाले होते. "गंधपेटी."

गंधपेटीबद्दल तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. नाकातून मेंदूत जाणारी वाट फार जवळची असते. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं आधी चार ठिकाणी फिरून मग आठवणीपर्यंत पोचतं. वास मात्र मधल्या कुणाला न विचारता थेट आठवण आणि भूक यांच्या दारात जाऊन उभा राहतो. म्हणून माणसाच्या सुखाच्या काळातला वास जसाच्या तसा तयार करून त्याला हुंगायला दिला, तर झोपलेली भूक कधीकधी जागी होते. कधीकधीच. कंपनीच्या माहितीपत्रकात हा शब्द फार बारीक अक्षरात छापला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून फरहान मुजावर नावाचा तरुण तंत्रज्ञ गाडीतून दोन यंत्रं घेऊन आला. मुलगा मूळचा सोलापूरचा, बोलायला गोड. आल्याआल्या त्याने एकच प्रश्न विचारला.

"आजींचा सगळ्यात सुखाचा काळ कुठला?"

मी आणि मल्लू एकदमच बोललो, "डार्करूम!"

आमचे अप्पा, सिद्रामप्पा, बार्शीत फोटो स्टुडिओ चालवायचे. खाली स्टुडिओ आणि वर आमचं पंधरा-वीस माणसांचं एकत्र घर. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा होता, त्यावर तळं आणि तळ्यात मानमोडके हंस. एक लाकडी स्कूटर होती, तिच्यावर बसून गावातल्या निम्म्या पोरांनी फोटो काढून घेतले. त्यामागे डार्करूम. दारावर लाल दिवा. दिवा लागला की कुणीही, अगदी अव्वानेसुद्धा, म्हणजे आमच्या आजीने, दार उघडायचं नाही, नाहीतर आतला कागद काळा पडतो. आई अप्पांच्या मदतीला आत असायची. फिल्म धुणं, प्रिंट धुणं, चिमट्यांना लावणं, सगळं ती करायची. आम्ही बहीणभाऊ बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसायचो आणि आतून त्या दोघांचं हसू ऐकू यायचं. वर स्वयंपाकघरात आई कधीच तसं हसत नसे. आता ते हसू आठवलं की मला रडू येतं, उगाच का खोटं बोला.

आई वेंगुर्ल्याची. सोलापूरला नर्सिंग शिकायला आली आणि ओळखपत्राचा फोटो काढायला म्हणून अप्पांच्या मित्राच्या दुकानात गेली. अप्पा त्या दिवशी तिथे सहज आले होते. पुढचं सगळं त्या काळच्या मानाने फारच धाडसाचं. आमच्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडून येत नसे. अव्वाने लग्नाला होकार दिला तो एका अटीवर: तिकडचं खाणंपिणं तिकडेच सोडून यायचं. आईने सोडलं. इतकं सोडलं, की पुढे घरातली सगळ्यात कडक सोवळी तीच झाली. मल्लू हे अजून अभिमानाने सांगतो. त्याच्या गळ्यातलं लिंग आणि त्याची आई, या दोन गोष्टींना कुणी बोट लावलेलं त्याला चालत नाही.

"त्या खोलीतलं काही उरलंय का?" फरहानने विचारलं. "कापड, लाकूड, काहीही."

उरला होता तो दाराच्या आतला काळा जाड पडदा. मल्लूने तो माळ्यावर अप्पांच्या एन्लार्जरभोवती, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्राभोवती, गुंडाळून ठेवला होता. फरहानने त्याचा नखाएवढा तुकडा कापला आणि पहिल्या यंत्रात घातला. हे यंत्र तुकडा हळूहळू तापवतं, त्यातून सुटणारे रेणू मोजतं आणि त्यावरून हिशेब मांडतं, की त्या खोलीच्या हवेत कोणता पदार्थ किती प्रमाणात असेल. दुसरं यंत्र म्हणजे खरी गंधपेटी. तिच्यात शेकडो इवल्या कुप्या असतात आणि हिशेबाप्रमाणे ती त्यांच्यातलं थेंबथेंब मिसळून वास सोडते.

यंत्राच्या पडद्यावर यादी सरकायला लागली. सगळ्यात वर ॲसिटिक आम्ल, म्हणजे कडक व्हिनेगरच. डेव्हलपरमधून काढलेला कागद त्यात बुडवतात. मग फोटो पक्का करणारा हायपो, ओल्या भिंतीचा चुना, अप्पांच्या केसांचं तेल. पुढे आकडे दहाच्या उणे घातांत घसरत गेले.

"उणे नवव्या घाताखालचं आपण शून्य धरतो, मॅडम," फरहान म्हणाला. "त्यात नुसती घाण असते. उंदीर, धूळ, माळ्यावरचा कचरा. कंपनीचा नियमच आहे."

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मोठा घात धरावा, शेपूट सोडावं. मी जन्मभर पोरांना हेच शिकवत आले."

दुपारी गंधपेटी लावली. पहिला झोत आला. तो बाक, तो लाल दिवा, अप्पांचा शर्ट, सगळं नाकातून आत घुसलं. अप्पा दारामागेच उभे आहेत असं वाटलं. मल्लू पदर नसलेल्या बाईसारखा शर्टाच्या टोकाने डोळे पुसत होता. आम्ही दोघेही एकदम लहान झालो होतो आणि कितीतरी वर्षांनी एकमेकांचा हात धरून उभे होतो.

आई स्वस्थ होती. तिने दोनतीनदा नाक ओढलं, कपाळाला आठी घातली आणि डोळे मिटून घेतले. पेजेची वाटी जवळ नेली, तर तिने ती उलटी केली.

संध्याकाळी पुन्हा तेच. फरहान वायरी गुंडाळायला लागला. मल्लू बाहेर गेला आणि फोनवर कुणाला तरी नळीचा खर्च विचारू लागला. ते ऐकून मला रागच आला.

"ते शून्य धरलेलं सगळं मला दाखव," मी फरहानला म्हणाले.

"मॅडम, त्यात काही नाही हो."

"काही नाही म्हणजे किती नाही, ते बघू दे."

त्याने टाकून दिलेली यादी उघडली. मी आकडे वाचत गेले आणि मध्येच मला माझीच लाज वाटली. शेपूट सोडावं हे मी पोरांना शिकवलं ते बेरजेसाठी. डोंगरात मूठभर माती मिसळली, तर डोंगराची उंची बदलत नाही. पण आई काही बेरीज करत नव्हती. ती श्वास घेत होती, आणि श्वासाचा हिशेब गुणाकाराचा असतो.

"फरहान, एका श्वासात अर्धा लिटर हवा जाते. त्यात रेणू किती?"

"एक पूर्णांक दोन दशांश गुणिले दहाचा बाविसावा घात."

"आणि हा बघ, हा खालून तिसरा पदार्थ. याचं प्रमाण किती?"

"तीन गुणिले दहाचा उणे अकरावा घात. मॅडम, म्हणजे जवळजवळ..."

"जवळजवळ काय ते मी ठरवते. गुणाकार कर."

मोठ्या संख्यांचा गुणाकार वाटतो तेवढा अवघड नसतो. शून्यांच्या माळा मांडत बसायचं कारण नाही. पुढचे अंक वेगळे गुणायचे आणि घात नुसते एकमेकांत मिळवायचे. एक पूर्णांक दोन दशांश त्रिक तीन पूर्णांक सहा दशांश. बावीस आणि उणे अकरा मिळून अकरा. म्हणजे तीन पूर्णांक सहा दशांश गुणिले दहाचा अकरावा घात. साध्या भाषेत, आई जेव्हा जेव्हा श्वास घ्यायची, तेव्हा आम्ही शून्य धरलेल्या त्या पदार्थाचे छत्तीस हजार कोटी रेणू तिच्या नाकात जायचे.

फरहानने तोंडात बोट घातलं. मग मात्र तो मुलगा झपाटल्यासारखा कामाला लागला. प्रत्येक पदार्थ ओळखायला नाकाला किमान किती रेणू लागतात, याचा तक्ता त्याच्याकडे होताच. टाकून दिलेल्या एकेका पदार्थाचा त्याने गुणाकार केला आणि तक्त्याशी ताडून पाहिला. उंदीर, धूळ, बुरशी सगळे नापास झाले. एकच पदार्थ काठावर पास झाला. ट्रायमिथिल अमीन.

"हे कशात असतं?" मी विचारलं. माझा विषय गणित, रसायनशास्त्राशी माझं फारसं जमलं नाही.

फरहानने ती कुपी शोधली, झाकण किंचित उघडलं, हुंगलं आणि ताबडतोब बंद केलं. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"मॅडम, रागावू नका. ही सुकी मासळी आहे."

मल्लू नेमका तेव्हाच आत येत होता.

"काय म्हणालास?"

"सर, यंत्र जे सांगतंय ते..."

"यंत्र घाल चुलीत! आमच्या घरात? आमच्या आईच्या अंगाला हा वास?" त्याचा दुकानातला आवाज परत आला होता. "माळ्यावर मांजर फिरतं. त्याने कुठूनतरी आणलं असंल."

फरहान भित्रा होता, पण खोटं बोलणारा नव्हता. तो हळूच म्हणाला की मांजराने कालपरवा आणलेलं असतं तर ते कापडाच्या वरच्या थरात सापडलं असतं. हे धाग्याच्या गाभ्यात आहे आणि आम्लाशी बांधलेलं आहे. मासळीचा वास आणि व्हिनेगरचं आम्ल यांची गाठ पडली की त्यांचं मीठ बनतं. मग वास उडत नाही, कापडात बसून राहतो. म्हणून तो इतकी वर्षं टिकला.

"आणि म्हणूनच तो बाहेर बाकावर तुम्हाला कधी आला नाही," तो म्हणाला.

मी वेंगुर्ल्याला शेवंतीमावशीला फोन लावला. ती आईची धाकटी बहीण, बोलायला खणखणीत. मी आडवळणाने विचारायला लागले तर ती खो खो हसत सुटली.

"अगो, तुका आता कळला? तुझो बापूस दर मे म्हयन्यात हंय येय आणि सुक्या बोंबलांची पुडी घेवन जाय. फिल्मीच्या डब्यात भरून न्हेय तो! फोटो वाळवचो गरम पत्रो होतो मा तुमच्या थंय, तेच्यार तुझी आवस, आमची हेमाताय, बोंबील भाजी आणि आत बसान खाय. लाल दिवो लागलो की कोण येवचा नाय."

प्रिंट वाळवायच्या पत्र्यावर! अर्ध्या बार्शीच्या लग्नांचे फोटो त्याच पत्र्यावर वाळले होते. अव्वाच्या अमृतमहोत्सवाचा मोठा फोटोसुद्धा. मला हसू आवरेना. मग मनात आलं: पंधरा-वीस माणसांच्या त्या घरात आईला स्वतःची म्हणून एवढीच खोली होती, आणि अप्पांनी ती तिला अंधार करून दिली होती.

मल्लू हसला नाही. तो खुर्चीत बसून राहिला.

"आई खात असंल," तो म्हणाला. "माहेरची सवय. पण अप्पांनी नुसतं आणून दिलं असणार. अप्पांनी त्याला हातसुद्धा लावला नसणार."

"नसेल," मी म्हणाले. त्याला तेवढं तरी राहू द्यावं असं मला वाटलं.

"अक्का, ती सगळ्यांच्या ताटाखालची जमीन दोनदा पुसायची. मी लहानपणी वर्गातल्या पोराच्या डब्यातलं अंडं खाल्लं तर मला आंघोळ घातली होती तिनं. मग हे काय होतं?"

"तिला राहायचं होतं या घरात, मल्लू. अप्पांसाठी."

तो उठला आणि आपल्या खोलीत गेला. घर त्याचं होतं, आई त्याच्याकडे होती. त्याच्या मनाविरुद्ध मी त्या घरात काही करणार नव्हते, पण आईचे हात खाटेला बांधलेले मला बघवणार नव्हते, हेही तितकंच खरं. फरहानने आणखी एक दिवस थांबायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मल्लू सकाळी पूजा आटपून बाहेर पडला. शनिवार होता, बार्शीचा बाजार. परत आला तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या होत्या, एकात एक घातलेल्या. हात त्याने अंगापासून शक्य तितका लांब धरला होता आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

"सर, एवढ्याची गरज नव्हती," फरहान म्हणाला. "ती कुपी मी लावली की वास येईलच."

"आणि वासानं भूक लागली तर तिला द्यायचं काय?" मल्लू खेकसला. "वास?"

मावशीने फोनच्या पडद्यावरून स्वयंपाक शिकवला. आम्ही दोघं साठीच्या घरातली भावंडं, एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने तव्यावर बोंबील परतत होतो. "करपवशात मेल्यांनो, गॅस बारीक करा," मावशी ओरडत होती. शेजारच्या बाईंनी खिडकीतून डोकावून काय जळतंय म्हणून विचारलं. मल्लूने त्यांच्या तोंडावर खिडकी लावली आणि मग मला म्हणाला, "आता उद्या गावभर होईल." पण त्याने गॅस बंद केला नाही.

फरहानने गंधपेटीत नवा हिशेब घातला. व्हिनेगर, हायपो, चुना, तेल, आणि त्यात तो शून्य धरलेला रेणू, त्याच्या खऱ्या प्रमाणात. मल्लूने आईच्या खाटेजवळ ताट ठेवलं. भाकरी, भाजलेले बोंबील, थोडं खोबरं. यंत्राने सुस्कारा सोडला.

मला तर कालच्या वासात आणि आजच्या वासात काडीचा फरक कळला नाही.

आईची मान हलली. तिने एकदा श्वास घेतला, थांबली, आणि दुसरा श्वास छातीभर ओढला. मग डोळे उघडून तिने खोलीत पाहिलं. आमच्याकडे नाही, आमच्यातून पलीकडे. तिचे हात चादरीवर काहीतरी शोधायला लागले आणि ताटापाशी पोचले.

तिने भाकरीचा तुकडा मोडला. आपल्या हाताने मोडला. त्यावर बोंबलाचा तुकडा दाबून तोंडात घातला आणि सावकाश चावायला लागली. मी भिंतीला टेकून बघत राहिले. फरहान खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. आई दुसरा घास खात होती, तिसरा खात होती, आणि तिच्या गालांना हळूहळू त्या जुन्या हसण्याची घडी पडत होती. बाकावरून आम्ही ते हसू कधीच पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.

तिची नजर मल्लूवर थांबली. साठीत आल्यावर मल्लू हुबेहूब अप्पांसारखा दिसायला लागलाय, सगळेच म्हणतात.

"दार लावून घेवा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पोरां येतली."

तिच्या तोंडून तिच्या माहेरची बोली मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. मल्लूने उठून दार लावलं आणि परत तिच्याजवळ बसला. आईने पुढचा घास केला, काटा नीट काढला आणि हात त्याच्या तोंडाजवळ नेला.

"आई, मी..." मल्लू म्हणाला. त्याचा एक हात गळ्यातल्या लिंगाकडे गेला होता.

"वायच घेवा हो," आई म्हणाली. "आज नाय कित्या? काल तर मागून घेतलास."

मल्लूने माझ्याकडे पाहिलं. आईचा हात तसाच थांबला होता.

त्याने तोंड उघडलं.